खुर्ची कुणी इश्यू करायची?

दुसऱ्याच्या घरात शिरायचं, त्याच्या भिंतीला भोक पाडायचं आणि वर त्याच्याच घरचा चहा पिऊन बाहेर पडायचं, असा धंदा मी आयुष्यभर केला. आधी टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून, कधी विट्याला तर कधी साताऱ्याला. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर रहिमतपुरात इंटरनेटच्या फायबर लाइनी ओढण्याचा स्वतःचा व्यवसाय सुरू केला. कचेरी आता मुलगा बघतो. फिरतीवर मात्र अजून मीच जातो. घरी बसलो की बायको मला मेथी निवडायला बसवते आणि मी निवडलेली मेथी पुन्हा निवडते.

फायबर म्हणजे काय ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. पूर्वी तांब्याच्या तारेतून आवाज जायचा. आता केसाएवढ्या बारीक काचेतून उजेड जातो. काचेवर रबरी अंगरखा चढवलेला असतो आणि ती खांबाखांबावरून गिऱ्हाइकाच्या घरात येते. घरात भिंतीवर एक छोटी डबी, आणि डबीतून राउटरला जोड. उजेड नीट पोचला की हिरवा दिवा, नाही पोचला की लाल. तांब्याची तार मुरगळली, ओढली, पावसात भिजली तरी कुरकुरत का होईना बोलायची. काचेचं तसं नाही. जास्त वाकवलं की तिच्यातला उजेड गळतो, जोडाला धक्का लागला की ती गप्प बसते, आणि का गप्प बसली ते सांगत नाही. ते शोधून काढणं हे माझं काम.

आमच्या भागात या काचेला शत्रू पुष्कळ. खारी अंगरखा कुरतडतात, वानरं तिच्यावर झोके घेतात. पण सगळ्यांचा बाप म्हणजे साखर कारखान्याला निघालेली उसाची ट्रॉली. ऊस असा काही रचलेला असतो की ट्रॅक्टर खालून आरामात निघून जातो आणि मागची वरची मोळी आमची लाइन गळ्यात घालून पुढच्या गावाला घेऊन जाते. चालकाला पत्ताच नसतो, कारण त्याने गाणी लावलेली असतात.

लॉकडाऊनमध्ये पुण्या-मुंबईची पोरं लॅपटॉप काखेत मारून गावाकडे आली आणि आमच्या धंद्याला भरती आली. पुढे सगळं सुरळीत झालं तरी त्यातली बरीच परत गेलीच नाहीत. कुणी माळ्यावर टेबल मांडलं, कुणी धान्याच्या कोठीत. मी लाइन जोडायला जायचो आणि प्रत्येक घरात मला तेच कोडं दिसायचं. काम कंपनीचं, पण वीज घरची, पंखा घरचा, खुर्ची घरची, आणि ‘हळू बोला, मीटिंग चालू आहे’ म्हणून गप्प बसवलेली माणसंही घरचीच. मग याचा खर्च कुणी द्यायचा?

मला उत्तर येत नव्हतं, म्हणून मी लोकांना विचारत सुटलो. स्वभावच भोचक. आम्हाला खात्यात सायकल भत्ता मिळायचा. सायकल माझी, चढ खात्याचा. त्या भत्त्यात धड पंक्चरसुद्धा निघायचं नाही, पण माझी सायकल आपल्या कामापायी झिजते आहे एवढं तरी खातं मान्य करायचं. मला वाटायचं, मुद्दा तेवढाच असावा.

विट्याला माझा एक जुना सहकारी हाच व्यवसाय करतो. त्याला माणूस कमी पडला म्हणून मी गेलो होतो, तेव्हा एका आजोबांच्या घरी लाइन दिली. आजोबांचा जन्म गलाईच्या धंद्यात गेलेला. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम. विट्याची माणसं या कामासाठी देशभरातल्या शहरांत दुकानं टाकून बसली आहेत. आजोबांचं दुकान पार दक्षिणेत होतं. नातू आतल्या खोलीत हेडफोन लावून बसलेला. मी माझा प्रश्न काढल्याबरोबर आजोबा सरसावून बसले.

“माज्या दुकानात गावाकडची पोरं ऱ्हायाची. दुकानातच झोपायची. जेवण माजं, अंथरूण माजं, डोक्याचं तेल माजं, जत्रेला गावी यायचं तिकीट माजं. कामाच्या जागी घर आलं तर त्या घराचा खर्च मालकाचा. खरं का न्हाई?”

“खरं.”

“आन् आता हितं बघा. घराच्या जागी काम आलंय. मग कामाचा खर्च कुणाचा? तर तोबी घरमालकाचाच! म्हंजे तवाबी मीच आन् आताबी मीच! घरचं झालं थोडं आन् व्याह्यानं धाडलं घोडं!” आजोबा स्वतःच्याच न्यायनिवाड्यावर खूश होऊन हसले आणि नातवाला चहा नेऊन द्या म्हणून आत ओरडले.

साताऱ्यात एक जोडपं भेटलं. दोघंही घरून काम करणारी, दोन वेगळ्या कंपन्यांत. दोन्ही कंपन्या इंटरनेटचा भत्ता द्यायच्या, पण घरात वायर एकच. एकाच बिलावर दोघांनी भत्ता घ्यायचा म्हणजे लबाडी, असं बायकोचं म्हणणं. नवऱ्याचं म्हणणं, वायर एक असली तरी डोकी दोन आहेत. मला पंच नेमलं. मी म्हटलं, दोन वायरी घ्या. त्यात माझा धंदा होता हे खरं, पण दोघांचीही मान ताठ राहिली, आणि एक लाइन पडली की दुसरीवर भागायचं. सगळ्याच घरांतला तंटा असा वायर टाकून मिटला असता तर मी आज बंगला बांधला असता.

पण या प्रश्नाने मला खरं पकडलं ते सुभेदारांच्या वस्तीवर.

रहिमतपूरच्या बाहेर, उसाच्या रानातून गाडीवाट जाते, तिथे सुभेदारांचं घर आहे. एकामागे एक तीन खोल्या, पुढे ओटा, कडेला पत्र्याची पडवी, आणि थोडं लांब विहिरीजवळ एक पक्की खोली. ती पूर्वी पाण्याच्या इंजिनाची होती. सुभेदारांनी पेन्शनीतून ती दुरुस्त करून स्वतःसाठी घेतली होती. तिथे त्यांची लोखंडी ट्रंक, पलटणीचे फोटो, कॅरमबोर्ड. संध्याकाळी आसपासच्या वस्त्यांवरचे निवृत्त फौजी तिथे जमायचे आणि सगळ्या सरहद्दींचा बंदोबस्त करून जेवायला घरी जायचे.

सुभेदारांचा मुलगाही फौजेत, लांब कुठेतरी सरहद्दीवर. सून स्नेहल पुण्याच्या एका कंपनीत. दुपारी तिचं काम सुरू व्हायचं ते रात्रीच्या जेवणापर्यंत. परदेशातल्या दवाखान्यांची विम्याची कागदपत्रं तपासायचं काम, तोंडाने बोलणं कमी, टायपिंग जास्त. लेक नुकती अंगणवाडीत जायला लागलेली. आधी स्नेहल पुण्यात हॉस्टेलवर राहायची आणि लेक आजीकडे. घरून काम मिळालं म्हणून मायलेकी एका छपराखाली आल्या होत्या. लाइन जोडताना ती मला म्हणाली, “काका, ही लाइन बंद पडली तर मला परत पुण्याला जावं लागेल. एवढं लक्षात ठेवा.” मी लक्षात ठेवलं.

सुभेदार फौजेत क्वार्टर मास्टर स्टोअरला होते. म्हणजे जवानाला लागेल ती वस्तू मोजून देणारं कोठार. त्यामुळे त्यांच्या दृष्टीने जगाचे दोनच भाग. इश्यू झालेलं आणि इश्यू व्हायचं राहिलेलं. सून लोखंडी घडीच्या खुर्चीवर उशी ठेवून बसते, हे त्यांना पहिल्या दिवसापासून सलत होतं.

“नाना, मला सांगा,” ते मला म्हणाले, “जवानाला आमी बूट देतो, मोजं देतो, च्याचा मग देतो. सुई-दोरा सुदिक देतो. त्यो कवा म्हनला का, मी घरनं बंदूक घिऊन येतो म्हनून? मग हिची खुर्ची हिनंच का आनायची?”

“बरोबर आहे.”

“बरोबर हाय न्हवं? मग थांबा.”

मी शिडीवर होतो, म्हणून मला पुढचं सगळं दिसलं. स्नेहलची तिच्या साहेबीणबाईंशी व्हिडिओवर मीटिंग चालली होती. सुभेदार आत गेले, टाचा जुळवून खुर्चीमागे उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “जय हिंद, मॅडम. हमारे यहाँ जवान को सुई-धागा भी इश्यू होता है. बहू को कुर्सी कब इश्यू होगी?”

पडद्यावरच्या बाई हसल्या. मराठीच होत्या. “सर, पॉलिसी बघून कळवते,” म्हणाल्या. स्नेहल कानशिलापर्यंत लाल झाली. सुभेदार बाहेर येऊन मला म्हणाले, “पॉलिसी म्हंजे इंडेंट अडकवायची जागा. आमच्या टायमालाबी व्हती.” इंडेंट म्हणजे कोठाराकडे टाकलेली मागणी, हे मला मागाहून कळलं.

ऊस तोडणी रंगात आली आणि एके दिवशी अपेक्षेप्रमाणे ट्रॉलीने लाइन नेली. मी तार उंच घेऊन पुन्हा जोडली. पण त्यानंतर तक्रारींची रांगच लागली. लाइन मधेच जायची, थोड्या वेळाने आपोआप यायची. कधी तीन-चार दिवस ठणठणीत, कधी एका दुपारीच दोन-तीनदा लाल दिवा. सुभेदारांनी ट्रॉल्यांवर पाळत ठेवली. गाडीवाटेवर काठी घेऊन उभे राहायचे आणि चालकांची हजेरी घ्यायचे. एकाला त्यांनी ट्रॉलीवरचा ऊस उतरवायला सांगितला, तेव्हा तो म्हणाला, “आवं सुभेदार, ऊस तुमचाच हाय.”

मग हंगाम संपला. कारखाना बंद झाला, ट्रॉल्या थांबल्या, आणि लाइन मात्र पहिल्यापेक्षा जास्त जायला लागली. तिथे मला गंमत वाटू लागली. गंमत म्हणजे मजा नव्हे. कंपनीने स्नेहलला सांगून टाकलं होतं की असंच चालू राहिलं तर पुण्याला ऑफिसात येऊन बस. ती पोर रडकुंडीला आलेली. पण बिघाड जेव्हा स्वतःचं कारण बदलतो तेव्हा माझ्यासारख्या माणसाला झोप लागत नाही, हेही तितकंच खरं.

मी खांबापासून घरापर्यंत नवी तार टाकली. जोड बदलले, राउटर बदलला. उजेड मोजायचं यंत्र लावून बसलो, तर उजेड एकदम झकास. मी तिथे असेपर्यंत लाल दिवा एकदाही लागला नाही. मी गावाच्या वेशीपर्यंत पोचायचो आणि फोन, “काका, गेली.” पाहुण्याला बघून शहाण्यासारखं वागणाऱ्या पोरासारखी ती लाइन वागत होती. स्नेहल म्हणाली, “तुम्ही इथेच राहायला या.”

आता त्या घरातल्या चौथ्या माणसाबद्दल सांगितलं पाहिजे. मला ते आधी सांगायला सुचलं नाही, तसंच त्या घरातही कुणाला सुचत नव्हतं. सुभेदारांच्या पत्नी, शालनवहिनी. पडवीत त्यांचं मिरची-मसाला कांडपाचं यंत्र होतं. मोटरवर चालणारी लोखंडी मुसळं वर-खाली होतात आणि खालच्या उखळात मिरची, खोबरं, धणे कुटले जातात. उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्याकडे बायका वर्षाची चटणी करून ठेवतात, त्यामुळे तेव्हा या यंत्राला उसंत नसते. सुभेदार फौजेत असताना वहिनींनी ते घेतलं आणि वर्षानुवर्षं चालवलं. त्याचा धबधब आवाज त्या घराच्या इतका अंगवळणी पडला होता की तो कुणाला ऐकूच येत नसे. स्नेहलच्या कानावर तर हेडफोन.

माझी मोटरसायकल अंगणात आली की शालनवहिनी यंत्र बंद करायच्या, पदराने हात पुसायच्या आणि चहा ठेवायला आत जायच्या. दारी आलेल्या माणसाला चहा दिल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही, ही आपल्याकडची रीत. मी चहा प्यायचो, उजेड मोजायचो, वहिनी माझ्या मुलाची-सुनेची चौकशी करायच्या. मी निघालो की त्या पडवीत परत.

त्या दिवशी चतुर्थी होती. वहिनी उठायला लागल्या तसं मी म्हटलं, “वहिनी, आज उपास आहे. चहासुद्धा सोडलाय. तुमचं काम चालू द्या.”

“आसं म्हनता? बरं झालं बाई. बायका खोळंबल्यात,” त्या म्हणाल्या आणि यंत्र चालूच ठेवलं.

मी मधल्या खोलीत जाऊन राउटरसमोर बसलो. पलीकडे धब धब धब चाललेलं. भिंतीवर हात ठेवला तर हातात ठोके येत होते. मी डबीकडे बघत राहिलो. ट्रॉलीच्या हिसक्याने ढिल्या झालेल्या डबीतला जोड एकेका ठोक्याला कणाकणाने सरकत होता. बघता बघता दिवा लाल झाला. थोड्या वेळाने ठोक्यांनीच तो जोड पुन्हा बसला आणि दिवा हिरवा. काखेत कळसा आणि गावाला वळसा! डबी लावायला जी भिंत सुभेदारांनी स्वतः दाखवली होती, तिच्या पलीकडच्या अंगालाच पडवी होती. आणि मी आलो की बिघाड चहा ठेवायला आत जात होता.

लाइनचं मी तिथल्या तिथे मिटवलं. डबी काढून समोरच्या भिंतीवर नेली, संपलं. मी फार खुशीत सगळ्यांना गोष्ट सांगितली. सगळे हसतील असं मला वाटलं. स्नेहल हसलीही. पण सुभेदार हसले नाहीत.

“म्हंजे समदा घोळ हिच्या यंत्राचा,” ते म्हणाले.

“आता काही घोळ नाही. डबी हलवली मी.”

“डबीचं न्हाई वो. पुढच्या महिन्यापास्नं सूनबाईला फोनवर बोलायचं काम देनार हाईत. बढती हाय. साहेबीण म्हनली, मागं जरासुदिक आवाज चालायचा न्हाई. आवाज आला की पुन्याला.” ते पडवीकडे वळून म्हणाले, “आजपास्नं यंत्र बंद.”

धबधब थांबली. वहिनींनी उखळातली मिरची काढून बाईच्या डब्यात भरली, यंत्रावर गोणपाट टाकलं आणि आत गेल्या.

पुढचे काही दिवस त्या वस्तीवरून एकही तक्रार आली नाही. मी समजलो, माझं काम झालं. मग स्नेहलचा फोन. “काका, लाइन चांगली आहे. पण तुम्ही येऊन जाता का?”

मी अंगणात शिरलो तेव्हा दोन बायका स्कूटीवर मिरचीची पिशवी घेऊन आल्या होत्या. शालनवहिनी ओट्यावर नुसत्या बसून होत्या. त्यांना रिकाम्या हाताने बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो आणि मला ते बघवलं नाही.

“गावात जावा बाई,” त्या म्हणाल्या, “आमचं बंद हाय.”

“आवं, पन शालनकाकी, तुमच्या हातचीच चटनी लागती की आमाला.”

“बंद हाय म्हनलं न्हवं?”

स्नेहलने मला आत नेलं. तिला वेगळंच विचारायचं होतं. “ही लाइन विहिरीजवळच्या खोलीत नेता येईल का? मी तिकडे बसेन. सासूबाई त्यांचं काम सुरू करतील. माझ्याशी बोलतात, पण कामापुरतंच. माझ्यामुळे त्यांचं बंद झालं, काका. मी इथे राहायला आले ती त्यांना घरी बसवायला नाही.”

फायबर कुठेही नेता येतं. मी बाहेर येऊन तसं बोललो तर सुभेदार तडकले. “ती खोली माजी हाय. सूनबाईला खोली पायजे आसंल तर कंपनीनं बांधून द्यावी. शांतता पायजे म्हनती ना कंपनी? मग शांतता इश्यू करावी.”

मला ते पटलं. खरंच, वायरीचा भत्ता मिळतो, खुर्चीचा मागता येतो, पण घर गप्प ठेवायचा खर्च कुठल्या बिलात धरायचा? माझा भोचकपणा जागा झाला. मी काही वहिनींची बाजू घ्यायला निघालो नव्हतो, मला नुसतं जाणून घ्यायचं होतं.

“सुभेदार, त्या यंत्राला मीटर वेगळा आहे का?”

“व्हय. धंद्याचा मीटर हाय.”

“बिल कोण भरतं?”

“ती भरती की. तिच्या कांडपातनं.”

“पट्टा तुटला, मोटर जळली तर?”

“तिचंच.”

“आणि पडवीत वहिनींना उकडतं, मिरचीचा खाट नाकात जातो. तिथे पंखा नाही दिसला कधी.”

“एकदा म्हनली व्हती पंख्याचं,” सुभेदार सहज म्हणाले. “मी म्हनलं, घरचंच तर काम हाय, त्याला कसला खर्च?”

बोलून झालं आणि ते थांबले. ट्रंकेच्या कोपऱ्याला ठेच लागावी तसा चेहरा झाला. स्नेहल जमिनीकडे बघत होती.

ओट्यावरून वहिनींचा आवाज आला. चढा नव्हता. “सूनबाईच्या साहेबिनीला तुमी हिंदीत इचारलं, खुर्ची कुनी द्यायची म्हनून. लय ब्येस केलं. मला मराठीत तरी इचारायचं हुतं.”

सुभेदारांनी टोपी काढली, परत घातली.

“बरं,” ते शेवटी म्हणाले, “सूनबाई बसंल माज्या खोलीत. जोडा लाइन.”

“पोरीला कशाला धाडता हिरीपाशी?” वहिनी म्हणाल्या. “सांजचं एकटी बसनार का तितं? तिची लेक हितं, काम हितं. ती हितंच बसंल. यंत्र जाईल तिकडं.”

“माज्या खोलीत मिरची?”

वहिनी पदर सावरत उठून आत गेल्या.

मी तिथून निघालो तेव्हा काही ठरलेलं नव्हतं. सुभेदार जेवले नाहीत, असं मला नंतर स्नेहलने सांगितलं. पण दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला तो हसतच. सकाळी उठून बघतात तर सुभेदारांनी ट्रंक, खाट आणि कॅरमबोर्ड बाहेर आणून चिंचेखाली लावलं होतं. पलटण छावणी हलवते तशी सगळी मांडामांड. फौजी मित्रांना बोलावून त्यांनीच यंत्र हलवलं. खाली सिमेंटचा ओटा धरला. वीज जोडायला मी माझ्या ओळखीचा वायरमन दिला. आणि सुभेदारांनी आपल्या खिशातून पंखा आणला. आणताना कुणाला बोलले नाहीत, नुसता टांगला.

अक्षयतृतीयेच्या सुमारास मी त्या वाटेने चाललो होतो. काही काम नव्हतं. स्नेहलचं फोनवरचं काम कसं चाललंय ते बघावं, एवढंच. मधल्या खोलीत ती कुणाशी तरी इंग्रजीत बोलत होती. तिच्याखाली कंपनीने अखेर पाठवलेली चाकांची खुर्ची होती. तिने हातानेच मला ‘सगळं छान’ अशी खूण केली. धबधब येत होती, पण लांबून, शेजारच्या गावचं लग्न ऐकू यावं तशी. मी विहिरीकडे गेलो.

भिंतीवरचे पलटणीचे फोटो तिथेच होते, त्यांच्यावर तांबूस पूड बसली होती. वर पंखा फिरत होता. वहिनी यंत्राशी होत्या, आणि दाराशी तराजू घेऊन सुभेदार बसले होते. नाका-तोंडाला टॉवेल गुंडाळलेला, डोळे लालभडक. कुणाची मिरची, कुणाचं खोबरं, सगळं पिशव्यांवर नाव घालून शिस्तीत रांगेला लावलेलं. कोठारवाला माणूस कोठारात परत आला होता. मला बघून त्यांनी टॉवेल खाली केला आणि लागोपाठ शिंकले.

“काय सुभेदार, ड्यूटी लागली?”

“लागली. सकाळपास्नं हाय.”

“टॉवेल पार भिजलाय. कुणाचा?”

“माजाच.”

मला राहवलं नाही. “नियमाने टॉवेल कुणी इश्यू करायला पाहिजे?”

सुभेदारांनी बायकोकडे बघितलं. वहिनींनी उखळात मूठभर मिरची सोडली आणि मान वर न करता म्हणाल्या, “घरचंच तर काम हाय, त्याला कसला खर्च?”

सुभेदार काहीतरी बोलणार होते, पण शिंक आली. शिंक संपेपर्यंत वहिनींनी पुढचं सांगून टाकलं.

“आन् आवं, नाना आल्यात. च्या टाका जावा.”

सुभेदार टॉवेल खांद्यावर टाकून उठले आणि घराकडे चालू लागले. यंत्र थांबलं नाही.